विश्लेषण : जुना फिल्म कॅमेरा जमवावा की नवा रेंजफाइंडर घ्यावा? दोन्हींचे गणित वेगळे का?

जर्मनीच्या लायका कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘एम ईव्ही१’ हा कॅमेरा बाजारात आणला. या मालिकेच्या नावातील ‘एम’ हे अक्षर ‘मेस-झूखर’ म्हणजे रेंजफाइंडर या जर्मन शब्दावरून आले आहे. नव्या कॅमेऱ्यात मात्र तो रेंजफाइंडरच नाही. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर बसवला आहे. कंपनी जुनी यंत्रणा वगळून पाहत असतानाच तीच यंत्रणा असलेले पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे कॅमेरे लोक शोधून शोधून विकत घेत आहेत. समाजमाध्यमांवर फिल्मवरील छायाचित्रे पाहून अनेक तरुण या वाटेला लागतात आणि लगेच एका प्रश्नापाशी अडतात. जुना कॅमेरा घ्यावा, की त्याच पैशांत रोज वापरता येईल असा नवा? या प्रश्नाचे उत्तर कॅमेऱ्याच्या वयापेक्षा तो कशासाठी हवा आहे, यावर अधिक अवलंबून आहे.

रेंजफाइंडर म्हणजे नेमके काय?

डोळ्यांना अंतराचा अंदाज येतो, कारण दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगळ्या कोनांतून पाहतात. रेंजफाइंडर हेच करतो. कॅमेऱ्याच्या दर्शनी बाजूला एकमेकांपासून काही सेंटिमीटरवर दोन खिडक्या असतात. त्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एका लहान चौकोनात एकमेकांवर पडतात. भिंगाचे कडे फिरवले की आतली तरफ हलते आणि एक प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा जुळल्या की फोकस झाला. शाळेतल्या भूमितीतील त्रिकोणच तो. पाया आणि कोन माहीत असेल तर अंतर काढता येते.

या यंत्रणेची ताकद आणि दुखणे दोन्ही त्या त्रिकोणात आहेत. लायका एम६ मध्ये हा पाया ६९.२५ मिलिमीटर आहे. पाच मीटर आणि सव्वापाच मीटर अंतरावरील दोन वस्तूंसाठी मिळणाऱ्या कोनांत फरक पडतो तो एका अंशाच्या सुमारे पंचविसाव्या भागाचा. एवढा बारीक फरक पितळी तरफा आणि लहानसे भिंग यांनी टिपायचा असतो. म्हणून कॅमेरा एकदा जोरात आपटला, की बाहेरून काही न दिसताही फोकस चुकू लागतो.

रेंजफाइंडरला मर्यादाही आहेत. साधारण ७० सेंटिमीटरपेक्षा जवळची वस्तू बहुतेक रेंजफाइंडरना फोकस करता येत नाही. लांब पल्ल्याच्या भिंगांसाठी ही यंत्रणा अपुरी पडते. १९५९ मध्ये निकॉन एफ आला आणि भिंगातूनच थेट पाहण्याची सोय असलेल्या एसएलआर कॅमेऱ्यांनी पुढच्या दशकात व्यावसायिक बाजार काबीज केला. रेंजफाइंडर उरला तो लहान, शांत आवाजाचा आणि चौकटीबाहेरचेही दिसू देणारा कॅमेरा हवा असलेल्यांसाठी.

जुन्या कॅमेऱ्यांची मागणी का वाढली?

फोनने छायाचित्रण फुकट केले, त्यामुळे प्रत्येक चित्राचे मोलही कमी झाले. ३६ चित्रांचा रोल हातात असला की माणूस थांबतो, विचार करतो. हा अनुभव नव्या पिढीला नवा आहे. कंपन्यांनीही ही मागणी ओळखली. लायकाने १९८४ ते २००२ या काळातील एम६ हा फिल्म कॅमेरा ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बनवायला घेतला. अमेरिकेत त्याची किंमत ५,२९५ डॉलर ठेवण्यात आली. जून २०२४ मध्ये रिको कंपनीने ‘पेंटॅक्स १७’ आणला. हा रेंजफाइंडर नाही, पण ३६च्या रोलवर अर्ध्या चौकटीची ७२ चित्रे देणारा तो कोरा करकरीत फिल्म कॅमेरा आहे.

फिल्म बनवणाऱ्यांची स्थिती मात्र दुहेरी आहे. ईस्टमन कोडॅकने नोव्हेंबर २०२४ मध्ये रोचेस्टरमधील फिल्म उत्पादन यंत्रसामग्रीच्या आधुनिकीकरणासाठी काही काळ थांबवले होते. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये याच कंपनीने कर्जफेडीच्या संदर्भात व्यवसाय चालू राहण्याबाबतची शंका आपल्या आर्थिक विवरणात नोंदवली. व्यवसाय बंद करण्याचा किंवा दिवाळखोरीचा इरादा नसल्याचेही तिने स्पष्ट केले. फिल्म कॅमेरा घेणाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे. कॅमेरा आपल्या मालकीचा असतो, पण त्याचे खाद्य दुसऱ्याच्या कारखान्यातून येते. भारतात उटी येथे १९६० मध्ये स्थापन झालेली हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी ‘इंदू’ नावाने फिल्म बनवत असे. ती बंद पडली. आज आपल्याकडे मिळणारा बहुतेक रोल आयात केलेला असतो.

संग्राहक पैसे कशाचे मोजतो?

संग्राहक मुख्यतः दुर्मीळपणा, मूळ स्थिती आणि इतिहास यांचे पैसे मोजतो. जून २०२२ मध्ये वेट्झलार येथील लिलावात ‘लायका ० मालिका क्रमांक १०५’ हा कॅमेरा शुल्कासह १ कोटी ४४ लाख युरोंना विकला गेला. त्या वेळच्या दराने ही रक्कम शंभर कोटी रुपयांहून अधिक होते. १९२३ च्या सुमारास चाचणीसाठी बनवलेल्या सुमारे दोन डझन कॅमेऱ्यांपैकी तो एक. शिवाय तो लायकाचे जनक ऑस्कर बार्नाक यांचा स्वतःचा होता आणि त्यावर त्यांचे नाव कोरलेले होते. आजच्या साध्या फोनमध्ये त्याहून अधिक सोयी आहेत. किंमत त्या सोयींची नव्हतीच.

उलट उदाहरण लायका एम३ चे. १९५४ ते १९६६ या काळात हा कॅमेरा दोन लाखांहून अधिक संख्येने बनला. अनेकांच्या मते इतका चांगला व्ह्यूफाइंडर नंतर झाला नाही. तरीही तो दुर्मीळ नाही, त्यामुळे साधा वापरलेला एम३ एखाद्या विशेष आवृत्तीच्या तुलनेत कितीतरी स्वस्त मिळतो.

जमवण्याचा छंद आपल्याकडे नवा नाही. मुंबईतील एका छायापत्रकाराच्या ४,४२५ कॅमेऱ्यांच्या संग्रहाची नोंद गिनीज बुकात झाली होती. गुरुग्राममध्ये २०१९ पासून ‘म्युझिओ कॅमेरा’ हे संग्रहालय सुरू आहे. असे संग्रह तंत्रज्ञानाचा इतिहास सांभाळतात. मात्र त्यातील प्रत्येक कॅमेरा चालू असावा, अशी अपेक्षा नसते.

वापरणाऱ्याची आणि संग्राहकाची गरज परस्परविरोधी का?

खरी गोम इथे आहे. वापरणाऱ्याला कॅमेरा उघडून साफ केलेला, वंगण घातलेला, शटरचा पडदा गरजेप्रमाणे बदललेला हवा. संग्राहकाला तो शक्यतो कोणी हात न लावलेला हवा. साठ वर्षांपूर्वीचे मूळ आवरण तडकले म्हणून ते काढून नवे चामडे लावले, तर वापरणाऱ्याची पकड सुधारते आणि संग्राहकाच्या लेखी किंमत घटते. स्क्रूच्या खाचेवरील एक ओरखडाही ‘हा उघडला गेला आहे’ असे सांगतो. वापरणाऱ्यासाठी ती दुरुस्तीची खूण, संग्राहकासाठी तो दोष.

‘एकच कॅमेरा घेतो, वापरेनही आणि गुंतवणूकही होईल’ असे म्हणणाऱ्याची फसगत होते ती यामुळेच. खोक्यातला, कागदपत्रांसह असलेला कॅमेरा तो जास्त पैसे देऊन घेतो आणि ओरखडा पडेल म्हणून बाहेर काढत नाही. किंवा बाहेर काढतो आणि दिलेल्या जादा पैशांवर पाणी सोडतो. दोन्हीपैकी एक हेतू आधी निवडावा लागतो.

बनावट ‘लायका’ कसा ओळखावा?

सोनेरी मुलाम्याचा, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकचे चिन्ह असलेला किंवा जर्मन हवाई दलाची अक्षरे कोरलेला लायका स्वस्तात मिळतो आहे, असे दिसले की सावध व्हावे. असे असंख्य कॅमेरे मूळचे सोव्हिएत बनावटीचे असतात. खारकिव्ह येथे १९३४ पासून लायका २ च्या धर्तीवर ‘फेड’ बनू लागला. क्रास्नोगोर्स्क येथील ‘झोर्की’ १९४८ मध्ये आला. पुढे याच कॅमेऱ्यांवर नवी नावे कोरून ते पर्यटकांना आणि हौशी ग्राहकांना विकण्याचा उद्योग उभा राहिला.

एक सोपी चाचणी आहे. भिंग काढून आत डोकवावे. रेंजफाइंडरच्या तरफेचे भिंगाला टेकणारे टोक खऱ्या लायकात लहान चाकासारखे गोल असते. फेड किंवा झोर्कीत ते थेंबाच्या आकाराचे, निमुळते असते. विक्रेता भिंग काढू देत नसेल तर उत्तर तिथेच मिळाले. फेड किंवा झोर्की हा वाईट कॅमेरा आहे, असा याचा अर्थ नाही. फेडच्या किमतीला फेड म्हणून घेतला तर तो शिकण्यासाठी उपयोगी पडतो.

जुन्या कॅमेऱ्याची छुपी किंमत कोणती?

पहिली, बुरशी. मुंबई-कोकणातील पावसाळ्यात हवेतील आर्द्रता दिवसच्या दिवस ८० टक्क्यांवर राहते. कपाटात बंद असलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि कालांतराने काचेवरचा लेप खाते. चामड्याच्या म्यानात ठेवलेला कॅमेरा सुरक्षित वाटतो, पण ते चामडेच ओल धरून ठेवते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता हा साधा उपाय आहे.

दुसरी, बॅटरी. १९६०-७० च्या दशकातील अनेक कॅमेऱ्यांचे प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेले होते. पाऱ्यामुळे त्या बॅटऱ्या बंद झाल्या. आकाराने तशीच दिसणारी १.५ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी घातली की मापक चुकीचे आकडे देतो. कानाच्या यंत्रात वापरतात ती १.४ व्होल्टची झिंक-एअर बॅटरी अनेकांना चालते, पण ती काही आठवड्यांत संपते.

तिसरी, फोम. मागील दाराच्या खाचेतील प्रकाशरोधक फोम जुना होऊन डांबरासारखा चिकट होतो. प्रकाश आत शिरतो आणि रोलवर लाल-पिवळे पट्टे उमटतात. हे काम स्वस्त आहे, पण करावेच लागते.

चौथी आणि सर्वात मोठी, कारागीर. हे कॅमेरे दुरुस्त करणारे बहुतेक कारागीर उतारवयात आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे थोडे. सुटा भाग हवा असेल तर दुसरा बंद पडलेला कॅमेरा फोडावा लागतो. परदेशातून मागवायचे म्हटले तर सीमाशुल्क आणि जीएसटी लागतो, शिवाय वापरलेल्या मालाच्या आयातीवर बंधने आहेत. त्यामुळे कॅमेरा निवडण्याआधी तो दुरुस्त करणारा माणूस शोधावा, हा सल्ला अनुभवी लोक देतात तो उगाच नाही.

नवा रेंजफाइंडर कितपत व्यवहार्य?

‘नवा आणि व्यवहार्य रेंजफाइंडर’ ही गोष्ट ऐकायला सोपी, मिळायला अवघड आहे. पहिला डिजिटल रेंजफाइंडर एप्सनचा आर-डी१, तो २००४ मध्ये आला. लायकाचा एम८ त्यानंतर, २००६ मध्ये. जपानची कोसिना कंपनी फोइग्टलँडर नावाने परवडणारे ‘बेसा’ फिल्म रेंजफाइंडर बनवत असे, तेही गेल्या दशकात बंद झाले. आज नवा, खरा यांत्रिक-प्रकाशीय रेंजफाइंडर म्हणजे प्रामुख्याने लायका. फ्रान्समधील पिक्सी हा एक लहान अपवाद.

लायका एम११ जानेवारी २०२२ मध्ये आला तेव्हा त्याची अमेरिकेतील किंमत ८,९९५ डॉलर होती, तीही भिंगाशिवाय. त्यात सहा कोटी पिक्सेलचा सेन्सर आहे, पण ऑटोफोकस नाही आणि व्हिडीओही नाही. पळणाऱ्या मुलाचे छायाचित्र काढण्यासाठी याहून कितीतरी स्वस्त कॅमेरे अधिक कामाचे ठरतात.

त्यामुळे बहुतेक लोक ‘रेंजफाइंडरसारख्या’ कॅमेऱ्याकडे वळतात. फुजीफिल्मची एक्स१०० मालिका हे त्याचे ठळक उदाहरण. व्ह्यूफाइंडर कोपऱ्यात, वर शटरची गोल चकती, एकच कायमचे भिंग. दिसायला जुना, आतून पूर्ण आधुनिक आणि ऑटोफोकस असलेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या एक्स१००व्हीआयची सुरुवातीची किंमत १,५९९ डॉलर होती. तो रेंजफाइंडर नाही, पण रेंजफाइंडर कशासाठी हवा होता या प्रश्नाचे उत्तर ‘लहान कॅमेरा आणि शांतपणे काम’ असे असेल, तर तो ती गरज भागवतो.

खर्चाचे गणित काय सांगते?

गणितासाठी काही आकडे गृहीत धरू. १९६६ चा यशिका इलेक्ट्रो ३५ किंवा १९७२ चा कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ असा कायमच्या भिंगाचा जपानी रेंजफाइंडर दुरुस्तीसह २० हजार रुपयांना पडला, असे समजा. रोल, तो धुणे आणि स्कॅन करणे मिळून प्रत्येक रोलला दीड हजार रुपये. म्हणजे एका चित्राला सुमारे ४२ रुपये. दुसऱ्या बाजूला आधुनिक डिजिटल कॅमेरा कर धरून दीड लाखाचा.

दोहोंतील फरक १ लाख ३० हजारांचा, म्हणजे सुमारे ८७ रोलचा. महिन्याला एकच रोल काढणाऱ्याला तिथपर्यंत पोहोचायला सात वर्षांहून अधिक काळ लागेल. त्याच्यासाठी जुना फिल्म कॅमेराच स्वस्त आहे. महिन्याला तीन रोल काढणारा मात्र अडीच वर्षांच्या आत ती सीमा ओलांडतो. त्यापुढे प्रत्येक रोलला डिजिटल स्वस्त पडतो. आपापल्या गावातील दर घालून हे गणित कोणालाही करता येईल. गाव लहान असेल तर रोल कुरिअरने पाठवण्याचा खर्च आणि आठवडाभराची वाटही त्यात धरावी.

अनेक जण इथे चूक करतात. कॅमेऱ्याच्या किमतीवर महिनाभर घासाघीस करतात आणि महिन्याला किती चित्रे काढतो, हे मोजत नाहीत. फोनमधील गेल्या तीन महिन्यांची छायाचित्रे मोजून, त्यातील जपून ठेवावीशी किती वाटतात हे पाहिले तरी आपली खरी गरज कळते.

टिकाऊ कोण, जुना की नवा?

सत्तर वर्षांपूर्वीचा एम३ बॅटरीशिवाय आजही चालतो. त्यात प्रकाशमापकच नाही. त्याच कंपनीच्या २००९ च्या डिजिटल एम९ च्या सेन्सरवरील काचेला काही वर्षांनी क्षरण होऊ लागले. कंपनीने सेन्सर बदलून दिले, पण पुढे बदली सेन्सर मिळेनासे झाले. यांत्रिक भाग कारागीर हाताने घडवू शकतो, सेन्सर नाही.

म्हणून जुने तितके टिकाऊ असा सरसकट निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. यशिका इलेक्ट्रो ३५ जुनाच आहे, पण त्याचे शटर इलेक्ट्रॉनिक आहे. बॅटरी नसेल तर तो सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या एकाच वेगावर अडकतो. कॅमेरा किती जुना, यापेक्षा त्यात विजेवर अवलंबून असलेले काय आहे, हे विचारणे अधिक उपयोगी.

या सगळ्यात सर्वात दीर्घायुषी ठरते ते भिंग. १९५४ मधील एम जोडणीचे भिंग २०२२ च्या एम११ वरही बसते. त्याआधीची स्क्रूची भिंगेही साध्या अ‍ॅडॉप्टरने लागतात. त्यामुळे या मार्गाने जायचेच ठरवले असेल, तर पैशांचा मोठा वाटा कॅमेऱ्यापेक्षा चांगल्या भिंगात घालणे शहाणपणाचे.

निर्णय कसा घ्यावा?

वापरण्यासाठी घेत असाल, तर दिसण्यापेक्षा दुरुस्तीची पावती महत्त्वाची. विकत घेताना चार गोष्टी तपासाव्यात. भिंगातून टॉर्च मारून बुरशी पाहावी. एक सेकंदाच्या वेगावर शटर अडखळत नाही ना, हे ऐकावे. कापडी पडदा असेल तर उजेडासमोर धरून त्यात भोके नाहीत ना, हे पाहावे. आणि दूरच्या इमारतीवर किंवा चंद्रावर रोखून दोन्ही प्रतिमा अनंत अंतराच्या खुणेवर जुळतात का, हे तपासावे. मुंबईतील चोर बाजार असो की ऑनलाइन बाजार, ‘चालू आहे’ या दोन शब्दांवर व्यवहार करू नये. पहिला रोल काढून तो धुतल्यावरच कॅमेरा चालू आहे की नाही, हे कळते.

जमवण्यासाठी घेत असाल, तर उलटे. मूळ स्थिती, क्रमांक आणि तो कोणाकडून आला याची माहिती जपावी. रंगरंगोटी करू नये. आणि त्या कॅमेऱ्याने पैसे कमवून द्यावेत, ही अपेक्षा ठेवू नये. विक्रमी लिलावांच्या बातम्या होतात, कपाटात राहिलेल्या हजारो कॅमेऱ्यांच्या होत नाहीत.

घराघरांत असलेल्या कॅमेऱ्यांचे काय? आपल्याकडे माळ्यावर सापडतो तो बहुधा लायका नसतो. तो बडोद्यात बनलेला अ‍ॅग्फा क्लिक ३ असण्याची शक्यता जास्त. बाजारात त्याला फारशी किंमत नाही. पण त्यात लागणारा १२० चा रोल आजही मिळतो आणि त्यावर बारा चौकोनी चित्रे येतात. ज्या कॅमेऱ्याने घरातली लग्ने आणि बारशी टिपली, त्याची लेन्स पुसून एक रोल घालून पाहण्याचा खर्च नव्या कॅमेऱ्याच्या म्यानापेक्षा जास्त नाही. जुना की नवा, हे ठरवण्याआधी तेवढे करून पाहावे. बारा चित्रांनंतर आपल्याला कॅमेरा हवा आहे की छायाचित्रे, हे बहुतेकांना आपोआप कळते.